ओळख नसलेला अवयव : प्रतिकारशक्ती आणि दृष्टिपटल

मागच्या महिन्यात आपल्या व्याख्यानमालेत एक पाहुण्या शास्त्रज्ञ बाई येऊन गेल्या. डोळ्याच्या पडद्याचे, म्हणजे दृष्टिपटलाचे आजार आणि त्यांत प्रतिकारशक्तीचा असलेला हात, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. व्याख्यान इंग्रजीत होतं, वेग बराच होता, आणि नंतर चहाच्या वेळी बऱ्याच जणांनी संयोजकांना सांगितलं की हे कुणीतरी मराठीत उलगडून सांगायला हवं. ते काम माझ्याकडे आलं. मी काही डॉक्टर नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण या विषयाच्या मुळाशी 'आपलं काय आणि परकं काय' हा प्रश्न आहे, आणि तो आमच्या खात्यातला जुना प्रश्न आहे. म्हणून हो म्हटलं. आज मी त्यांचं व्याख्यान जसंच्या तसं सांगणार नाही. त्यातला जो धागा मला महत्त्वाचा वाटला, तो पकडून पुढे जाणार आहे.

त्या दिवशी शेवटी प्रश्नोत्तरं झाली. एका गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, डोळ्यांना असं काही होऊ नये म्हणून इम्युनिटी वाढवायला काय घ्यावं?" प्रश्न अगदी स्वाभाविक होता. कोविडनंतर आपल्याकडे काढे, गोळ्या, च्यवनप्राश, सगळं याच एका शब्दावर विकलं जातं. बाई म्हणाल्या, "मी ज्या आजाराबद्दल बोलले, त्यात आम्ही इम्युनिटी कमी करायची औषधं देतो." सभागृह गप्प झालं. हा विरोधाभास नीट समजला, तर बाकीचं व्याख्यान समजलं असं धरा.

आधी शब्दाकडे बघू. आपण 'रोगप्रतिकारशक्ती' म्हणतो. त्यात 'शक्ती' आहे, म्हणून आपोआप वाटतं की ती जितकी जास्त तितकी चांगली. दंडात ताकद असावी तशी. इंग्रजीतला 'इम्युनिटी' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ मात्र शक्ती असा नाही. त्याचा अर्थ सूट, माफी. रोमन राज्यात ज्याला करातून किंवा सार्वजनिक चाकरीतून मोकळीक मिळालेली असे, तो 'इम्युनिस'. आपल्याकडे इनाम जमिनीला सारा माफ असे, तसं काहीसं. म्हणजे ज्याला एकदा देवी येऊन गेल्या, त्याला पुन्हा त्या रोगाची माफी. शब्दात लढाई नव्हतीच. लढाई, सैन्य, हल्ला, किल्ला ही भाषा मागाहून आली, आणि शाळेच्या पुस्तकांतून आपल्या डोक्यात पक्की बसली.

मी म्हणेन, शक्ती या शब्दापेक्षा इथे विवेक हा शब्द जास्त जवळचा आहे. कुठे धावून जायचं, कुठे थांबायचं, कुणाला ओळखायचं, कुणाकडे काणाडोळा करायचा, हे ठरवणारी यंत्रणा. आणि शरीरात या विवेकाची सगळ्यात अवघड परीक्षा जिथे होते, त्यांतली एक जागा म्हणजे डोळा.

का, ते बघा. गुडघ्याला मार बसला, सूज आली, लाल झाला, दुखला. ही सूज म्हणजे प्रतिकारयंत्रणेचं काम चाललेलं असतं. आठ-पंधरा दिवसांत ओसरते. एखादा व्रण राहिला तरी चालता येतं. आता हीच सूज दृष्टिपटलात आली असं समजा. दृष्टिपटल साधारण पाव मिलिमीटर जाडीचं. त्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी, मंद उजेडात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी, आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या सुमारे ६० लाख. या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. झीब्राफिश नावाच्या छोट्या माशात उगवतात, आपल्यात नाही. पडद्याच्या मध्यभागी, जिथून आपण अक्षर वाचतो, चेहरा ओळखतो, तिथे टाचणीच्या डोक्याएवढा व्रण राहिला, तर वाचन संपलं. म्हणजे जंतू मारताना होणारं जे नुकसान गुडघ्याला परवडतं, ते डोळ्याला परवडत नाही. इथे संरक्षण करणाऱ्यालाच संयम पाळावा लागतो.

हा संयम आहे, हे विज्ञानाला कसं कळलं? इथे पीटर मेडावार यांचं नाव येतं. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या माणसांना दुसऱ्याची कातडी लावून बघत, आणि ती काही दिवसांत गळून पडे. का गळते, याचा शोध मेडावार घेत होते. कातडी गळते ती शरीर तिला परकी म्हणून नाकारतं म्हणून, आणि त्याच दात्याची कातडी दुसऱ्यांदा लावली तर आणखी लवकर नाकारतं, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे शरीराला आठवण असते. मग १९४८ मध्ये त्यांनी सशांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. परक्या सशाची कातडी त्यांनी मेंदूत ठेवून पाहिली, आणि डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात, म्हणजे कॉर्निया आणि आयरिस यांच्यामध्ये जे पाणी असतं तिथे, ठेवून पाहिली. अंगावर लावलेली कातडी गळाली असती, पण डोळ्यातली टिकली. तिच्यात रक्तवाहिन्या शिरल्या नाहीत तोवर टिकली. अशा जागांना पुढे 'इम्यून प्रिव्हिलेज' असलेल्या जागा म्हणू लागले. मराठीत विशेषाधिकार म्हणता येईल, पण मला 'अभय' हा शब्द आवडतो. परका आत आला तरी त्याला तिथे अभय मिळतं.

याचा फायदा मात्र माणसं त्याआधीपासून घेत होती. १९०५ च्या ७ डिसेंबरला एडुआर्ट झिर्म या डॉक्टरांनी ओलोमोउत्स या गावी, ते तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, आज चेक प्रजासत्ताकात आहे, एका माणसाच्या डोळ्यावर दुसऱ्याची कॉर्निया बसवली आणि ती टिकली. तेव्हा प्रतिकारशक्ती दाबणारं एकही औषध अस्तित्वात नव्हतं. आजही आपण नेत्रदान करतो तेव्हा कॉर्नियाच बसवली जाते. किडनीसाठी करतात तशी ऊतींची जुळणी त्यासाठी सहसा करावी लागत नाही, आणि बहुतेकांना डोळ्यात टाकायचे थेंब पुरतात. ज्याच्या कॉर्नियात आधीच्या आजाराने रक्तवाहिन्या शिरलेल्या असतात, त्याच्यात मात्र नाकारलं जाण्याचा धोका वाढतो. मेडावारांच्या सशांत जे दिसलं, तेच.

आता इथून विषय तात्त्विक होतो. डोळ्यात परकी गोष्ट का टिकते? पहिलं स्पष्टीकरण सोपं होतं. डोळा बंदिस्त आहे. रक्त आणि दृष्टिपटल यांच्यामध्ये पेशींची घट्ट विणलेली भिंत आहे. लसिकावाहिन्यांची नेहमीची वाट तिथे नाही. त्यामुळे आतली बातमी बाहेर जात नाही, बाहेरच्यांना आतलं कळत नाही. म्हणजे शांतता आहे ती अज्ञानामुळे. ज्याला ठाऊकच नाही, तो भांडणार कशाला?

पण १९७० च्या दशकात स्ट्राइलाइन आणि कॅप्लन या संशोधकांनी दाखवलं की बातमी जाते. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात परक्या पेशी सोडल्या तर पांथरीला, म्हणजे प्लीहेला, त्याचा पत्ता लागतो. शरीर त्या पदार्थाविरुद्ध काही प्रतिपिंडं तयारही करतं. फक्त ऊती जाळून टाकणारी जी जहाल प्रतिक्रिया असते, ती दाबली जाते. पांथरी काढलेल्या प्राण्यात हे दाबणं होत नाही. म्हणजे निरोप पोचतो, पण तो 'धावत या' असा नसतो. 'कळवलं, पण दंगा नको' असा असतो. पुढे अशा अनेक गोष्टी सापडल्या. डोळ्यातल्या पाण्यात टी-पेशींना थंड करणारे पदार्थ असतात. डोळ्याच्या आतल्या काही पेशींवर एक रेणू असतो, त्याला जाऊन भिडणारी आक्रमक पेशी स्वतःच मरते. १९९५ मध्ये हे उंदरांत दाखवलं गेलं. ज्या उंदरांत हा रेणू काम करत नव्हता, त्यांच्या डोळ्यात विषाणू सोडल्यावर सूज आटोक्यात राहिली नाही.

थोडक्यात, डोळ्यातली शांतता दोन पायांवर उभी आहे. एक पाय अज्ञानाचा, भिंतीचा. दुसरा पाय संयमाचा, म्हणजे जाणूनबुजून केलेल्या नियमनाचा. आमच्या पाहुण्या बाईंच्या सगळ्या व्याख्यानाचा मथितार्थ मला विचाराल, तर या दोन पायांतला पहिला पाय कच्चा आहे, हा.

कच्चा का, हे सांगण्यासाठी जरा मागे जावं लागेल. शरीराला आपलं कोण हे कुठून कळतं? पॉल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हटलं होतं की शरीर स्वतःविरुद्ध जाण्याचं टाळतं, त्याला त्याचं जणू भय असतं. पण हे भय येतं कुठून? फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी 'सेल्फ' आणि 'नॉट-सेल्फ' हे शब्द या क्षेत्रात रुजवले. स्व आणि पर. आणि त्यांनी असा अंदाज मांडला की हा भेद जन्मजात शिक्क्यासारखा नसून शिकलेला आहे. गर्भावस्थेच्या काळात शरीराला जे भेटतं, ते आपलं. मेडावार आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ते सिद्ध केलं. उंदराच्या गर्भात दुसऱ्या वाणाच्या उंदराच्या पेशी टोचल्या. तो उंदीर मोठा झाल्यावर त्याला त्या दुसऱ्या वाणाची कातडी लावली. त्याने ती स्वीकारली. परका आपला झाला, कारण तो योग्य वेळी भेटला होता. १९६० चं नोबेल बर्नेट आणि मेडावार यांना याबद्दलच मिळालं.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी हा प्रयोग नेहमी सांगत असे. 'स्व' म्हणजे आत कुठेतरी जपून ठेवलेलं एक तत्त्व, अशी आपली सवयीची कल्पना. इथे 'स्व' म्हणजे लहानपणी झालेल्या ओळखींची यादी. आपल्या घरातलं कोण हे मुलाला रक्त तपासून कळत नाही, रोज दिसतात त्यावरून कळतं, तसं.

मग दृष्टिपटलाचं काय? त्यातली काही प्रथिनं शरीरात जवळजवळ दुसरीकडे कुठे नसतात. प्रकाश टिपण्याची यंत्रणा यकृतात कशाला असेल? आणि दृष्टिपटल तर भिंतीआड. म्हणजे ज्या टी-पेशींनी आपलं-परकं शिकायचं, त्यांना हा अवयव भेटणार कसा? टी-पेशींची शाळा म्हणजे थायमस, छातीच्या हाडामागची ग्रंथी. तिथे निसर्गाने एक सोय केलेली आहे. 'एअर' नावाचं एक जनुक थायमसमधल्या पेशींना शरीरभरच्या अवयवांच्या प्रथिनांचे थोडे थोडे नमुने तयार करायला लावतं. जणू शाळेच्या भिंतीवर सगळ्या नातेवाइकांचे फोटो लावलेत. यातल्या कुणावर धावून जाणारी पेशी असेल, तर तिला शाळेतच संपवतात. दृष्टिपटलातल्या काही प्रथिनांचे फोटोही तिथे असतात. ज्या उंदरांत हे जनुक निकामी केलं, त्यांच्या अनेक अवयवांवर हल्ला झाला, त्यांत डोळाही होता, आणि डोळ्यातला हल्ला प्रामुख्याने एकाच प्रथिनावर होता.

पण फोटो कितीही लावले तरी ते अंधुक. काही पेशी निसटतात. तुमच्या-माझ्या, प्रत्येकाच्या रक्तात दृष्टिपटलावर उठू शकतील अशा थोड्या पेशी फिरत असतात. त्या उठत नाहीत, कारण एक तर त्यांची दृष्टिपटलाशी गाठच पडत नाही, आणि पडली तर डोळ्यातली आणि रक्तातली नियामक यंत्रणा त्यांना शांत ठेवते.

आणि गाठ पडली तर? याचं इतिहासातलं उदाहरण तुम्हाला माहीत आहे, फक्त या बाजूने पाहिलेलं नसेल. लुई ब्रेल. जन्म १८०९, पॅरिसजवळचं कुव्रे गाव. वडील घोड्यांची जीनं आणि चामड्याचं सामान बनवत. तीन वर्षांचा लुई कारखान्यात खेळताना आरीने एका डोळ्याला जखम करून घेतो. तो डोळा जातो. पण पुढे दुसरा, न लागलेला डोळाही जातो, आणि पाचव्या वर्षापर्यंत मुलगा पूर्ण आंधळा होतो. आज बहुतेक जाणकार याचा अर्थ असा लावतात की हा 'सिंपथेटिक ऑफ्थॅल्मिया' होता. एक डोळा फुटला, भिंत कोसळली, आतली प्रथिनं आणि रंगद्रव्याच्या पेशी लसिकाग्रंथींपर्यंत पोचल्या. तिथल्या पेशींना हा माल पहिल्यांदा दिसला, तोही जखमेच्या गोंधळात. त्यांनी परका ठरवला. एकदा ओळख 'शत्रू' म्हणून झाली, की मग धडधाकट डोळ्यावरही तोच शिक्का. हा प्रकार दुर्मिळ आहे आणि जखमेनंतर सहसा दोन आठवडे ते वर्षभरात दिसतो. आज वेळेत ओळखला तर स्टिरॉइड आणि तत्सम औषधांनी दुसरा डोळा बऱ्याचदा वाचवता येतो. १८१२ मध्ये असं काही नव्हतं.

या आजाराच्या नावात 'सिंपथी' आहे, ग्रीकमध्ये सह-वेदना. एका डोळ्याला दुखलं म्हणून दुसऱ्याला दुखलं, असं जुन्या वैद्यांना वाटलं. नाव सुंदर आहे, पण यात सहानुभूती काही नाही. आहे तो ओळखीचा अभाव.

मात्र ज्यांना डोळ्याच्या आतली सूज येते, तिला युव्हायटिस म्हणतात, त्यांतल्या बहुतेकांना कधी डोळ्याला इजा झालेली नसते. मग त्यांच्या पेशींना कुणी उठवलं? बाईंच्या व्याख्यानातला मला सगळ्यात थक्क करणारा भाग हा होता. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमध्ये रेचल कास्पी यांच्या प्रयोगशाळेत असे उंदीर तयार केले गेले, ज्यांच्या बऱ्याच टी-पेशी दृष्टिपटलातल्या एका प्रथिनाला ओळखतात. या उंदरांना कुणी काही न करता युव्हायटिस होतो. प्रश्न तोच, की भिंतीआडचं प्रथिन न भेटता या पेशी जाग्या कशा झाल्या? २०१५ मध्ये त्यांनी दाखवलं की त्या आतड्यात जाग्या होतात. प्रतिजैविकं देऊन आतड्यातले जंतू कमी केले, की आजार सौम्य होतो आणि उशिरा येतो. आतड्यातल्या जंतूंत असं काहीतरी आहे, की ते या पेशींच्या ग्राहकाला उद्युक्त करतं. जागी झालेली पेशी मग भिंत ओलांडू शकते. झोपलेली ओलांडू शकत नाही.

हे उंदरांतलं आहे, मुद्दाम तयार केलेल्या उंदरांतलं. त्यावरून कुणी उद्यापासून डोळ्यांसाठी दह्याचा कोर्स सुरू करू नये. पण ओळख चुकण्याचा हा दुसरा मार्ग लक्षात घ्या. पहिल्यात, म्हणजे ब्रेलच्या बाबतीत, अनोळखी आप्त वाईट वेळी भेटला. दुसऱ्यात, भलत्याच कुणाशी झालेला परिचय आप्तावर उलटला.

आपल्या देशातला याच्या जवळचा एक आजार सांगतो, कारण तो आपल्याकडेच जास्त दिसतो. ईल्स डिसीज. बर्मिंगहॅमच्या हेन्री ईल्स यांनी १८८० मध्ये तरुण मुलांमधल्या डोळ्यातल्या वारंवार होणाऱ्या रक्तस्रावाचं वर्णन केलं. आज पाश्चात्त्य देशांत तो क्वचित आढळतो, भारतीय उपखंडात मात्र दिसत राहतो. विशी-तिशीतला निरोगी दिसणारा मुलगा, एक दिवस डोळ्यापुढे कोळिष्टकं तरंगतात, मग एकदम लाल-काळा पडदा येतो. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांना सूज, मग त्या बंद, मग नव्या कमकुवत वाहिन्या, मग रक्तस्राव. यातल्या अनेकांना क्षयाच्या जंतूच्या प्रथिनाची त्वचेवरची चाचणी जोरदार येते. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या संशोधकांना अशा काही रुग्णांच्या डोळ्यातून काढलेल्या नमुन्यांत क्षयाच्या जंतूचे जनुकीय अंशही सापडले. पण क्षयाच्या जंतूची जिवंत वस्ती तिथे सहसा दिसत नाही. जंतूपेक्षा जंतूविरुद्धची चीड इथे जास्त नुकसान करते, असं मानायला बरीच जागा आहे. उपचारात म्हणूनच स्टिरॉइड येतं, लेसर येतं, आणि रक्त साचून राहिलं तर शस्त्रक्रिया.

अभयाची आणखी एक किंमत असते. जिथे पोलीस हळू चालतात, तिथे गुन्हेगारही लपतात. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाच्या साथीत काम करताना आजारी पडलेला एक अमेरिकी डॉक्टर बरा झाला. रक्त स्वच्छ. काही आठवड्यांनी त्याच्या एका डोळ्यात भयंकर सूज आली, निळ्या डोळ्याचा रंग हिरवट झाला. डोळ्यातलं पाणी काढून तपासलं तर त्यात जिवंत इबोला विषाणू. बाकी शरीराने हाकललेला पाहुणा डोळ्यात राहिला होता.

उतारवयातल्या श्रोत्यांसाठी आता एक मुद्दा, तो मी थोडक्यात उरकतो. वयानुसार होणारा मॅक्युलाचा ऱ्हास. यात टी-पेशींची चूक नाही. यात 'कॉम्प्लिमेंट' नावाची, रक्तातल्या प्रथिनांची जुनी, ढोबळ यंत्रणा आहे. ती आपलं-परकं फारसं बघत नाही, सतत थोडी पेटलेलीच असते, आणि आपल्या पेशींवर तिला ब्रेक लावलेला असतो. हा ब्रेक म्हणजे 'फॅक्टर एच'. २००५ मध्ये एकाच वेळी तीन संशोधकगटांनी दाखवलं की या प्रथिनातला एकच घटक बदललेला असेल, तर ऱ्हासाचा धोका बराच वाढतो. म्हणजे पुन्हा तेच. शक्ती कमी पडली नाही, आवर कमी पडला. ही यंत्रणा रोखणारी, डोळ्यात टोचायची दोन औषधं अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाली. ती ऱ्हासाचा वेग काहीसा कमी करतात, गेलेली नजर परत आणत नाहीत. जो धोका आपल्या हातात आहे, तो मात्र जुनाच आहे, विडी-सिगरेट.

आता सुरुवातीच्या गृहस्थांच्या प्रश्नाचा व्यवहार बघू. युव्हायटिसच्या माणसाला डॉक्टर प्रेडनिसोलोन देतात, कधी मिथोट्रेक्सेट, कधी अॅडॅलिम्युमॅबची इंजेक्शनं. घरी कुणीतरी सांगतं, "अरे, हे इम्युनिटी मारतं, बंद कर, काढा घे." आणि तो बंद करतो. स्टिरॉइड असं एकदम बंद करणं शरीराला धोक्याचं असतंच, पण डोळ्यात दबलेली सूजही पुन्हा उसळते, आणि प्रत्येक उसळीत पडद्याचा थोडा भाग कायमचा जातो. औषध काय करतं आहे हे त्याला 'शक्ती कमी करतं' एवढंच समजलेलं असतं. ते संयमाचा जो पाय मोडला आहे, त्याला कुबडी देतं आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. शब्द चुकला की माणसाची नजर जाऊ शकते, ती अशी.

उलट बाजूही आहे. डोळा लाल झाला की दुकानातून स्टिरॉइडचे थेंब आणून महिनोन् महिने टाकणं. त्याने काचबिंदू होतो, मोतीबिंदू लवकर येतो, आणि विषाणूचा किंवा बुरशीचा आजार असेल तर तो बळावतो. कुबडीही डॉक्टरांनी मोजून द्यायची असते. डोळे येणं आणि युव्हायटिस यांत फरक काय, हे बाईंनी सांगितलं होतं, ते पुन्हा सांगतो. डोळे आले तर चिकट स्राव येतो, खुपतं, पण नजर साधारण शाबूत असते. उजेड सहन होत नाही, आतून ठणकतं, नजर धूसर होते, डोळ्यापुढे काळे ठिपके वाढतात, असं असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. आणि पडद्याच्या मागच्या भागातली सूज पुष्कळदा दुखतही नाही, डोळा लालही होत नाही. फक्त ठिपके आणि धूसरपणा.

दोन-तीन प्रश्न आले आहेत, ते घेतो.

पहिला प्रश्न, कंबरदुखीचा आणि डोळ्याचा काही संबंध आहे का. आहे. सकाळी उठल्यावर कंबर आखडलेली, चालल्यावर मोकळी होते, तरुण वय, आणि वारंवार लाल होऊन दुखणारा एक डोळा, असं असेल तर डॉक्टर एचएलए-बी २७ ही रक्ततपासणी सांगतात. मणक्याचा एक संधिवात आणि डोळ्याच्या पुढच्या भागातला युव्हायटिस या दोन्हींशी हा वारसा जोडलेला आहे. डोळ्याच्या डॉक्टरांनी कंबरेबद्दल विचारलं तर हसू नका.

दुसरा प्रश्न, या अभयाचा उपचारासाठी उपयोग करता येतो का. कॉर्नियाचं सांगितलंच. दुसरं उदाहरण म्हणजे जनुक-उपचार. आरपीई-६५ या जनुकातल्या दोषाने मुलांची नजर जाते. निरोगी जनुक एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून दृष्टिपटलाखाली सोडायचं, असा उपचार अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झाला. रक्तात सोडला असता तर त्या विषाणूवर शरीर मोठ्या प्रमाणात तुटून पडण्याची भीती. डोळ्यात मात्रा अगदी थोडी लागते आणि अभयही असतं. तरीही त्या दिवसांत रुग्णाला स्टिरॉइड देतातच.

तिसरा, मधुमेहातला पडद्याचा आजार हाही प्रतिकारशक्तीचाच का. मूळ कारण साखर, तिने बिघडलेल्या बारीक रक्तवाहिन्या, जोडीला रक्तदाब. पण सुजेचा वाटा त्यातही आहे. पांढऱ्या पेशी त्या बारीक वाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, भिंत पाझरू लागते, मॅक्युलाला पाणी चढतं, आणि म्हणून काही रुग्णांना डोळ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. फरक असा की युव्हायटिसमध्ये आधी पेशी उठतात आणि मग वाहिन्या बिघडतात, इथे बहुतांशी उलट. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा. थेंब टाकल्यावर तीन-चार तास नीट दिसत नाही, म्हणून सोबत कुणाला तरी घेऊन जा.